पिशवी गेली, तुकडा कुठे आहे?

जालन्याला अखेर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन केले, त्यात जालना होते. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे वेगळे सांगायला नको. दरवर्षी १०० मुले-मुली येथे डॉक्टरकीसाठी प्रवेश घेणार, त्यात आरक्षणाच्या जागांवर आपलीही मुले असणार. आनंद आहे. परंतु वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे केवळ इमारत नव्हे आणि केवळ जागाही नव्हेत. आमचा प्रश्न अगदी छोटा आहे, आणि तो या जिल्ह्यातील कष्टकरी बायांच्या वतीने आहे : या महाविद्यालयाच्या ऑपरेशन थिएटरशेजारी तुकडा तपासणारा माणूस बसणार आहे काय?

प्रश्न विचित्र वाटेल. म्हणून आधी एका फाईलविषयी सांगतो.

परतूर-मंठा पट्ट्यातील एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. ऊसतोडणीला जाणारे कुटुंब. वय ३४ असताना पोटात दुखू लागले, सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ निघाली. जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन ठरले. ठरले होते ते फक्त गाठ काढायचे. बाईंना भूल दिली, पोट उघडले, आणि थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले की, कॅन्सरसारखे दिसते आहे, सगळेच काढावे लागेल, अंगठा द्या. नवऱ्याने अंगठा दिला. तो काय करणार होता? पिशवी गेली, दोन्ही अंडाशये गेली. डिस्चार्ज कार्डावर काय काढले ते लिहिलेले आहे. काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल मात्र फाईलमध्ये नाही. तो हरवला असेही नाही. तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता.

बाई माझ्यापुढे बसून एवढेच म्हणाल्या, "वकीलसाहेब, भरपाईचं नंतर बघू. मला कॅन्सर होता का नव्हता, एवढं तरी कुणी सांगंल का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आज जगातला कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. कॅन्सर होता असे धरले, तर पुढची औषधे, तपासण्या यांपैकी काहीच झाले नाही. बाई विनाउपचार फिरत आहेत. नव्हता असे धरले, तर चौतिसाव्या वर्षी एका धडधाकट बाईची पाळी कायमची बंद केली गेली. तिची हाडे लवकर ठिसूळ होणार, अंगातून वाफा निघणार, आणि तरीही जोडीने कोयता चालवावाच लागणार, कारण मुकादमाची उचल दोघांच्या नावाने घेतलेली आहे. दोन्हीपैकी कोणता अन्याय झाला, हे सांगणारा पुरावा पिवळ्या पिशवीत गेला. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे शरीराचा काढलेला भाग पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवतात. बाईची पिशवीही तशीच गेली.

आता कुणी म्हणेल, पोट उघडलेले असताना डॉक्टरने काय करायचे होते? तुकडा तपासून यायला चार दिवस लागतात, तोवर बाईला टेबलावर ठेवायचे का? हा युक्तिवाद मी न्यायमंचासमोर ऐकलेला आहे. एकशे वीस वर्षांपूर्वीच त्याचे उत्तर मिळालेले आहे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिक हे प्रसिद्ध रुग्णालय आहे. तेथील शल्यचिकित्सक विल्यम मेयो यांनी १९०५ च्या सुरुवातीला आपल्या पॅथॉलॉजिस्टकडे, लुईस विल्सन यांच्याकडे मागणी केली की, रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कॅन्सरची आहे की नाही हे सांगता येईल असे काहीतरी काढा. विल्सन यांनी काय केले? बाहेर कडाक्याची थंडी होती. त्यांनी ताजा तुकडा खिडकीबाहेर ठेवला. तो गोठून दगडासारखा झाला. त्याचे पातळ काप काढले, निळ्या मेथिलीन रंगात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काही मिनिटांत उत्तर मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज तिला फ्रोझन सेक्शन म्हणतात. खिडकीच्या जागी क्रायोस्टॅट नावाचे यंत्र आले, ते तुकडा उणे वीस-पंचवीस अंशाला गोठवते आणि मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ काप काढते. तो काचपट्टीवर घेऊन झटपट रंगवतात. पेशीचे केंद्र जांभळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी. तुकडा हाती आल्यापासून साधारण वीस मिनिटांत पॅथॉलॉजिस्ट थिएटरमध्ये निरोप देतो : कॅन्सर आहे, किंवा नाही, किंवा आत्ता सांगता येत नाही, पक्क्या अहवालाची वाट पाहा. हे तिसरे उत्तरही प्रामाणिक उत्तर आहे. ते मिळाले तर शहाणा सर्जन कमीत कमी कापतो आणि पोट बंद करतो.

(जाता जाता. केंद्र जांभळे करणारा हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडाच्या गाभ्यातून काढतात. अठराव्या शतकात इंग्रजांनी ही झाडे तोडायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम जुंपले होते. विज्ञानाच्या पाठीमागे कुणाची तोडणी आहे, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.)

रोजच्या पद्धतीला वेळ लागतो तो यामुळे, की तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पक्का करावा लागतो, मग त्यातले पाणी काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवावा लागतो, मग कापायचा, मग रंगवायचा. ही पद्धत अधिक खात्रीची आहे. म्हणून फ्रोझन करून उरलेला तुकडाही पुढे मेणात घालतातच, आणि अंतिम अहवाल मेणाचाच धरतात. मेणाचा हा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. माझ्यासारख्या वकिलाच्या दृष्टीने तर तो उलटतपासणीत न फुटणारा साक्षीदार आहे. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे नेला तरी तो तेच सांगेल.

झटपट तपासणी सगळीकडे लागत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर आपल्याच भागातले काही हुशार लोक तिचेही वेगळे बिल लावायला सुरुवात करतील. स्तनातल्या गाठीत सुई घालून ऑपरेशनच्या आधीच निदान होऊ शकते. गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा ओपीडीत घेता येतो. गुटखा-तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये कापलेली कड स्वच्छ आहे की नाही, हे पाहायला फ्रोझन वापरतात. पण टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच २०१९ साली अभ्यासांती लिहिले, की तोंडाच्या कॅन्सरात कडेसाठी हा खर्च परवडणारा ठरत नाही, अनुभवी डोळ्याने नीट पाहून-मोजूनही बरेचसे काम भागते. थायरॉईडच्या काही गाठींत फ्रोझन फसते, चरबीचा तुकडा नीट गोठत नाही, गोठताना बर्फाचे कण पेशी बिघडवतात. मात्र अंडाशयाची गाठ ही या तपासणीची हक्काची जागा आहे. तिच्यात बाहेरून सुई घालायला डॉक्टर कचरतात, कारण गाठ फुटली आणि ती कॅन्सरची निघाली तर तो पोटभर पसरण्याची भीती असते. म्हणजे पोट उघडल्यावरच विचारायचा हा प्रश्न आहे, आणि त्याच क्षणी उत्तर हवे आहे. माझ्या पक्षकार बाईंची गाठ नेमकी तीच होती.

आता मराठवाड्याकडे या. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचे प्रकरण देशभर गाजले. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ महिलांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा बायांमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात हे प्रमाण १५ ते ४९ वयोगटात शंभरास तीनच्या थोडे वर होते. बीडची हद्द ओलांडली की जालना. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा येथून तेच ट्रक त्याच कारखान्यांकडे जातात. फडावर पाल तेच, पाणी तेच, न्हाणीघर नाही तेही तेच. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा, वंजारी आहेत, भूमिहीन मराठाही आहेत. हाडामासाला जात नसते, पण कुणाचे हाडमांस स्वस्त हे मात्र जातीवरून आणि जमिनीवरून ठरते.

त्या वेळी चर्चा झाली ती मुकादमाची, दंडाची, बुडणाऱ्या मजुरीची. बरोबरच होती. पण एक गोष्ट मागे पडली. या बायांना ऑपरेशनला तयार करणारे हत्यार कोणते होते? कॅन्सरची भीती! "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" हे एक वाक्य पुरेसे होते. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेली पंचविशी-तिशीतली बाई या वाक्याने टेबलावर चढली. आणि ज्या रोगाच्या नावाने पिशवी काढली, तो रोग त्या पिशवीत होता की नव्हता, हे पाहण्याचे काम ज्याने भीती घातली त्याचेच होते. म्हणून आमची पहिली मागणी बीडसाठी आणि जालन्यासाठी सारखीच आहे. काढलेल्या किती पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या आणि त्यांपैकी किती रोगट निघाल्या, हा आकडा रुग्णालयवार जाहीर करा. ज्या दवाखान्याच्या शंभरपैकी नव्वद पिशव्या निरोगी निघतील, त्या दवाखान्याबद्दल वेगळा अग्रलेख लिहावा लागणार नाही.

बीडमध्ये २०१९ नंतर अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. परवानगी आधीची असते आणि ती कागदावर असते. तुकड्याचा अहवाल नंतरचा असतो आणि तो मांसावर असतो. दोन्ही पाहिजेत.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निवाडा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असला पाहिजे. दिल्लीची ४४ वर्षांची अविवाहित महिला. दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढली. न्यायालयाने सांगितले की, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असेल तर जिवावर बेतल्याशिवाय नातेवाइकाच्या सहीवर अवयव काढता येत नाही. पण याच निवाड्यात एक वाट मोकळी ठेवली आहे. पुढे काय करावे लागेल याचा अंदाज असेल, तर तपासणी आणि उपचार या दोन्हींची एकत्र संमती आधीच घेता येते. म्हणजे कागदावर असे लिहिता येते : टेबलावर तुकडा तपासू, कॅन्सर निघाला तर हे हे काढू, नाही निघाला तर फक्त गाठ काढू, कळले नाही तर थांबू. हे बाईला, तिच्या भाषेत, शुद्धीत असताना, आदल्या दिवशी वाचून दाखवायचे. आपल्याकडे नवऱ्याचा, दिराचा, कधी मुकादमाचासुद्धा अंगठा चालवून घेतात. मूल होणे कायमचे बंद होईल अशा ऑपरेशनला २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पती आणि पत्नी दोघांचीही संमती सांगितली आहे. ती बायकोच्या संमतीच्या जोडीला आहे, जागी नाही. आणि मूळ प्रश्न असा, की ज्या गावात तुकडा तपासणारा माणूसच नाही, तिथे ही फाटे फुटणारी संमती घ्यायची कशाच्या जोरावर?

झटपट तपासणी आली म्हणजे बाईला न्याय मिळाला, असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत अनेक दशके याच तंत्राने बायांवर अन्याय केला. स्तनात गाठ असलेली स्त्री एकाच कागदावर सही करून झोपायची. फ्रोझनमध्ये कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढला जायचा. आपण उठू तेव्हा स्तन असेल की नसेल, हे तिला झोपताना माहीत नसायचे. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार महिलेने १९७४ साली स्वतःला गाठ आल्यावर हे नाकारले. आधी निदान करा, मला सांगा, मग मी ठरवेन, असा तिचा आग्रह होता. डॉक्टरांनी तिला झिडकारले. ती लढली, आणि १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने बहुतेक रुग्णांत निदान आणि ऑपरेशन वेगवेगळे करावे, अशी शिफारस केली. वीस मिनिटांचे उत्तर सर्जनला उपयोगी आहे. निर्णय बाईचाच राहिला पाहिजे.

आता पैशाचे. "क्रायोस्टॅट लाखोंचा, जालन्याला कुठे परवडतो?" शासनाकडून हे उत्तर येणार, हे आजच सांगून ठेवतो. पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे, की अनुच्छेद २१ खालील आरोग्याच्या जबाबदारीतून पैसा नाही म्हणून राज्याला सुटता येणार नाही. पण क्षणभर त्यांचे म्हणणे मान्य करू. तरीही मार्ग आहे. कापलेल्या गाठीचा ताजा पृष्ठभाग काचपट्टीवर हलकेच टेकवायचा. पेशी काचेला चिकटतात. काच स्पिरिटमध्ये बुडवायची, टोल्यूडीन ब्लू नावाच्या निळ्या रंगात अर्धा-एक मिनिट ठेवायची, धुवायची, पाहायची. याला इम्प्रिंट म्हणतात. यंत्र लागत नाही, बर्फ लागत नाही. काच, स्पिरिट, रंग आणि एक बरा सूक्ष्मदर्शक. तो प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असतो! फ्रोझनइतके सगळे यात दिसत नाही, पण पुष्कळ गाठींचा निकाल लागतो.

लागतो तो फक्त वाचणारा डोळा. आणि तो डोळाही थिएटरशेजारीच असला पाहिजे असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांनी काचपट्टीची छायाचित्रे इंटरनेटवरून पाठवून सल्ला घेण्याची सेवा चालवली. तिच्या पहिल्या १०० प्रकरणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आहे. बार्शीला जे त्या काळच्या रडतखडत इंटरनेटवर जमले, ते आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना जालन्याला का जमू नये? औरंगाबादला, आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरला, घाटी आहे, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात घेतलेल्या काचेचे चित्र तिथल्या पॅथॉलॉजिस्टला दोन मिनिटांत दिसू शकते.

जालन्याच्या महाविद्यालयाला तर हे टाळताच येणार नाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी हा विषय असतो. तो शिकवायला प्राध्यापक लागतात, प्रयोगशाळा लागते. मग हा विभाग फक्त परीक्षेपुरता न राहता थिएटरला जोडा, एवढेच आमचे म्हणणे आहे. क्रायोस्टॅट एक, तो महाविद्यालयात. इम्प्रिंटची सोय स्त्री रुग्णालयात. काढलेला प्रत्येक अवयव फॉर्मॅलिनमध्ये, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून गर्भाशयाच्या ऑपरेशनचे बिल मंजूर करताना तुकड्याचा अहवाल जोडलेला असल्याशिवाय एक रुपया नाही. महात्मा फुल्यांचे नाव योजनेला दिले आहे, तर निदान एवढे करा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले होते. ती जालना जिल्ह्यात कुणाच्या टेबलावर आहेत, हे माहिती अधिकारात विचारायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

आणि थोडे आपल्याही पदरात घालून घेऊ. नामांतरासाठी आपण सोळा वर्षे लढलो, घरे जाळून घेतली, माणसे गमावली. त्या लढ्यातून तयार झालेला मी एक कार्यकर्ता. पण दवाखान्याच्या प्रयोगशाळेसाठी मी स्वतः आजवर एकही निवेदन दिले नव्हते. शवविच्छेदनगृहात प्रेत उघडायला आपलाच माणूस उभा असतो, कारण मांसाला हात लावणे हे आपल्याच वाट्याला दिलेले आहे. सूक्ष्मदर्शकाच्या खुर्चीवर आपला माणूस किती वेळा दिसतो? दररोज धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा. पाहिल्याशिवाय मानू नको. ऑपरेशन टेबलावर मात्र आपण डॉक्टरच्या नुसत्या नजरेवर पिशवी देतो, आणि तुकडा पाहिलात काय, हे विचारायला घाबरतो.

त्या बाईंच्या वतीने मी दवाखान्याला अर्ज केला. उत्तर आले, रेकॉर्ड ठेवण्याची मुदत तीन वर्षांची आहे, ती संपली आहे. नियमाने ते खरे आहे. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदतही उलटली होती; विलंब माफीचा अर्ज केला आहे, त्याचे काय होते ते पाहू.

म्हणून ज्यांच्या घरात मागच्या तीन वर्षांत असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी हा अंक वाचून ठेवून देऊ नये. साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने, दवाखान्याला अर्ज करा : संपूर्ण केसपेपर, संमतीपत्राची प्रत, आणि काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल द्या, तुकडा कोणत्या लॅबला पाठवला, मेणाचा ठोकळा कुठे आहे, ते लेखी कळवा. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत कागद देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवा.